आधी जाहिरात, मग बातमी

"अकरा वाजता! नारळी पुनवेला सकाळी अकरा वाजता! अरे ए घाट्या, पुनवेला अकराला खाडीत काय असतं? सांग! सगळ्यांच्या समोर सांग!"

तू ओरडत होतास. तुझ्या एका हातात माझं साप्ताहिक 'भरतीरेषा', दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला बटाटावडा, आणि दोन्ही माझ्या नाकासमोर नाचत होते. एमआयडीसीच्या नाक्यावरचं आपलं चहाचं हॉटेल पहिल्या पाळीतून सुटलेल्या कामगारांनी गच्च भरलेलं. हरबा, मी खोटं बोलत नाही, तुझा तो आवाज वाणगावच्या फलाटापर्यंत गेला. तिथं बसलेल्या एका म्हातारीनं कानावर पदर घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "बोईसरात आज पेपर आला वाटतं." हे मला तिनं स्वतः सांगितलं. बरं, तिनं नसेल सांगितलं. पण तिथं म्हातारी असती तर हेच म्हणाली असती.

मी म्हणालो, "हरबा, खाली बस. खाडीकाठच्या कंपनीची प्रेसनोट आली, मी छापली. पाण्याचे नमुने घेतले, पाणी चांगलं निघालं. त्यात माझं काय चुकलं?"

"पंधरावी तिथी," तू वडा खाली ठेवलास. वडा ठेवलास म्हणजे प्रकरण गंभीर. "पंधराची पाऊणपट किती?"

गणितात मी पहिल्यापासून पत्रकार.

"चाचा, सवा ग्यारह," मागून रामसजीवन म्हणाला. तो रंगाच्या कारखान्यात काम करायचा आणि तुझ्या वाचनाला कधी चुकायचा नाही.

"सवा ग्यारह!" तू त्याच्याकडं बोट केलंस. "बघ, यूपीवाल्याला येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सव्वाअकराला पुरी भरती. म्हंजे अकराला खाडीत खाडी नसते रे, समुद्र असतो! त्यांनी समुद्राची बाटली भरली नि तू छापलंस, 'खाडीचं पाणी निर्मळ'. घाट्या, तुझ्या पेपराचं नाव काय? मोठ्यानं वाच. भरतीरेषा! आणि संपादकाला भरती कवा ते ठाऊक नाय!"

सगळं हॉटेल हसलं. मालक हसला, मालकाचा स्टोव्ह हसला. मीही हसलो, कारण रडलो असतो तर तू त्याचीही बातमी वाचून दाखवली असतीस.

तू जाऊन आज आठ दिवस झाले. या पानावर तुझ्या जन्माचं गाव, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, असलं काही मी देणार नाही. ते ज्यांना हवं त्यांनी नाक्यावर विचारावं, तिथं दर माणसाकडं तुझ्या आयुष्याची वेगळी आवृत्ती मिळते. माझं काम दुसरं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते मी इथं पुरं करणार, आणि तुला उलट बोलता येत नाही म्हणून जिंकणार, असं ठरवून बसलो होतो. पाहू काय होतं ते.

बोटीची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस हॉटेलात रोज पेपर मोठ्यानं का वाचतो, हे मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. मी सांगलीकडचा. बाप वीज प्रकल्पात नोकरीला आला तेव्हा मागोमाग मीही आलो, आणि इथंच साप्ताहिक काढायची अवदसा आठवली. पहिला अंक काखेत मारून तुझ्यासमोर आलो. म्हटलं, हा माणूस वाचून दाखवतो, फुकटात प्रसिद्धी. तू अंक उलटा केलास, सुलटा केलास आणि मागच्या पानावरची जाहिरात वाचायला लागलास. चष्म्याच्या दुकानाची. दुकानाचा पत्ता, वेळ, सगळं. मी म्हणालो, "अहो, बातम्या पुढं आहेत." तू मान वर न करता म्हणालास, "बातमी कुठं पळून जात नाय. आधी यजमान कोण ते बघूया, मग जेवण."

ती तुझी रीतच होती. पान उघडायचं, आधी त्या पानावरची जाहिरात ठणठणीत आवाजात वाचायची, मगच बातमी. कामगारांसाठी तुझ्या त्या हिंदीत सांगायचास, जी ऐकून हिंदीनं दोनदा राजीनामा दिला असता: "पहिले इश्तेहार सुनो भाई, फिर खबर. इश्तेहारमें मालूम पडता है नमक किसका खाया है." खाली बिल्डरची अर्ध्या पानाची जाहिरात आणि वर बातमी, 'बोईसरमध्ये घरांना वाढती मागणी'. तू दोन्ही वाचून विचारायचास, "आता बोला, यातली आई कोण नि पोर कोण?" आणि पाच मिनिटं हॉटेलात वंशावळ चालायची.

एकदा रामसजीवननं मोबाइल पुढं केला. "चाचा, इसमें तो इश्तेहार दिखता ही नहीं. सीधा खबर आती है. मेरे फूफा ने भेजी है."

तू चष्मा कपाळावर नेलास, मोबाइल नाकाला लावलास, मग कानाला लावलास, जणू आतून कोण बोलतंय ते ऐकतोयस. "फूफा को किसने भेजी?"

"उनके ग्रुप में आयी."

"और ग्रुप में?"

रामसजीवननं खांदे उडवले.

"तो फिर और ध्यान से देख, बेटा. जाहिरात नाय दिसत, म्हंजे ती नाय असं नाय. म्हंजे तूच तिच्या आत बसलायस."

आणि तो टीव्ही! मालकानं हौसेनं भिंतीवर टांगला आणि त्यात रोज सहाला आठ चौकोन उगवायला लागले. आठ चौकोनांत आठ मुंडकी, टोपलीतल्या खेकड्यांसारखी, एकमेकांच्या नांग्या ओढत. तू आवाज बंद करायचास आणि आठांचे आवाज स्वतः काढायचास. सूत्रसंचालिकेचा आवाज काढताना तर तू असा किंचाळायचास की सातपाटीला वाळत घातलेले बोंबील दांडीवर उठून बसायचे. तेवढ्यात जाहिराती लागल्या की तू हात वर करायचास. "थांबा. आता मोजा. सिमेंट. तेल. बँक. मग सिमेंट. आता परत आल्यावर ती बाई काय विचारणार नाय, सांगा?" लोक पैज मारायचे. एक चहा. तुझा अंदाज दहात नऊदा बरोबर यायचा. दहाव्यांदा तू म्हणायचास की तिचा आज वाढदिवस असेल, सोडून द्या.

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती आणि ती मी तुझ्या तोंडावर सांगितली होती, आठव. तुझ्या पक्षाच्या सभेची बातमी आली की तू जाहिरात वाचायला विसरायचास! थेट बातमी. तीही अशी छाती काढून की वाटावं सभेचा अध्यक्ष तूच. आणि समोरच्या पक्षाचा पुढारी असला की त्याचं भाषण तू घसा बसल्यासारखं वाचायचास. मी भर हॉटेलात म्हणालो, "हरबा, तू पण एक चॅनेलच आहेस. नुसता तारेशिवायचा."

तीन दिवस बोलला नाहीस माझ्याशी. चौथ्या दिवशी तुझ्या पक्षाच्या मेळाव्याचं पान उघडलंस, घसा खाकरलास आणि खालची जाहिरात वाचलीस. सगळी. फोटोतले एकोणीस शुभेच्छुक नावानिशी, त्यातला वाळूचा ठेकेदार दोनदा. मग माझ्याकडं न बघता म्हणालास, "झालं समाधान?" मला झालं होतं. तुला नव्हतं झालं, चेहरा एरंडेल घेतल्यासारखा. पण वाचलंस. आपल्या माणसाच्या पानावरची जाहिरात वाचणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही पाहिला नाही. कोळगावला जिल्ह्याच्या मोठ्या कचेऱ्यांतही नाही, आणि माझ्या आरशात तर नाहीच.

आता ते बर्फाचं काढतो. तू काढलं नसतंस. मी काढतो.

तुमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना. एक मासळीवाली बाई बादलीत बर्फ घेऊन माझ्या कचेरीत आली आणि बादली टेबलावर आपटली. "बगा हा बर्फ. वास घ्या. या बर्फात ठेवलेली पापलेटं कोण घेईल? सोसायटीत सांगितलं तर चेरमन म्हणतो, घ्यायचा तर घ्या." मी चौकशी केली. ज्या विहिरीतून पाणी घेत होते तिच्यात गटार झिरपत होतं, आणि चेअरमनला ते ठाऊक होतं. बातमी पक्की. पहिल्या पानावर लावली. आणि संध्याकाळी तू आलास.

तू हळू आवाजात बोललास. मी तुला ओळखतो त्या सबंध काळात तू हळू बोललास ती एकच वेळ. मला आधी वाटलं तुला पडसं झालंय.

"ते बर्फाचं नको छापू."

चेअरमन सुमनवहिनींचा सख्खा भाऊ. तुझा मेव्हणा. मला ते माहीत होतं, तरी मी म्हणालो, "का?"

"आमी आतल्या आत बघतो. विहीर बदलायला लावतो. पेपरात आलं तर मोठे व्यापारी म्हणतील, ह्या गावची मासळीच नको. बायांचंच नुकसान व्हायचं." मग थोडं थांबून, "आणि सुमनचा एकच भाऊ हाय."

पहिलं कारण खरं होतं. दुसरं जास्त खरं होतं. मी बातमी पानावरून काढून टाकली. माझ्या आयुष्यात मी दाबलेली ती पहिली बातमी, आणि ती माझ्याकडून कुठल्या मंत्र्यानं नाही दाबून घेतली, कारखानदारानं नाही. वड्याचे तेलकट हात शर्टाला पुसणाऱ्या माझ्या मित्रानं दाबून घेतली. विहीर तुम्ही बदललीत, हे कबूल. पण दोन हंगामांनंतर. तोवर त्या बायांनी वासाचा बर्फ विकत घेतला, आणि पेपरात त्याचा एक शब्द नव्हता.

आता यातली गंमत बघ. म्हणजे गंमत नव्हे. पहिल्या पानावर बर्फाएवढं भोक पडलं आणि छपाईला तासभर राहिला. मला सुचेना काय भरावं. तेवढ्यात त्याच खाडीकाठच्या कंपनीच्या जनसंपर्काच्या माणसाचा फोन, निव्वळ योगायोगानं. महिनाभर तो जाहिरातीसाठी मागं होता आणि मी ताठ होतो. म्हणालो, पाठवा. बर्फाच्या जागी कंपनी बसली. पुढच्या आठवड्याला परत आली, आणि मग दर आठवड्याला. सुरुवातीला पाहुण्यासारखी कडेला बसायची, पुढं पाय पसरले. वर्षभरात पहिल्या पानाचा उजवा वरचा कोपरा मागितला, रंगीत. तिथं भरती-ओहोटीच्या वेळा असायच्या. तूच पहिल्या अंकापासून माझ्याकडून त्या छापून घेतल्या होत्यास; त्याशिवाय पेपराचं नाव 'भरतीरेषा' ठेवू देणार नाही म्हणाला होतास. मी त्या काढल्या. म्हटलं, कोळ्यांना तर पाठच असतात, आणि कामगारांना भरतीचं करायचंय काय?

तू त्या दिवशी अंक हातात घेतलास, कोपरा पाहिलास आणि एवढंच म्हणालास, "समुद्रानं जाहिरात दिली नाय ना तुला." ओरडला नाहीस. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आता लागतो. भोक कुणी पाडलं ते तुलाही ठाऊक होतं.

म्हणून विचारतो, हरबा, आणि खरं सांग. त्या नारळी पुनवेच्या बातमीवरून नाक्यावर तू वडा नाचवत ओरडलास, तो माझ्या एकट्यावर ओरडलास का?

त्या पुनवेच्या बातमीनंतर मी तुला म्हणालो होतो, "दुरुस्ती पुढच्या अंकात बघू." पुढच्या अंकात. आमच्या धंद्यात 'पुढचा अंक' म्हणजे सासरच्यांनी 'कधीतरी या हं' म्हणावं तसं. त्याच पुनवेच्या महिन्यात तू एका दुपारी पूर्ण ओहोटीला खाडीत उतरलास, मांडीपर्यंत चिखलात, आणि कंपनीच्या सांडपाण्याच्या नळाखालून बाटली भरून आणलीस. कचेरीत शिरलास, बाटली माझ्या टेबलावर ठेवलीस. आतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वरती साय. "हा घे खाडीचा नमुना," म्हणालास. "हिच्यावर वेळ पण लिवलीय." कागदाची चिठ्ठी चिकटवली होतीस: तिथी, वेळ, ओहोटी.

मी ती बाटली काय केली? मी तिचा पेपरवेट केला. तुला वाटत असेल की मी वाढवून सांगतोय. हरबा, मी वाणगावच्या म्हातारीबद्दल वाढवून सांगतो, बोंबलांबद्दल वाढवून सांगतो, बाटलीबद्दल नाही. चार महिने ती माझ्या टेबलावर कंपनीच्या जाहिरातीच्या मजकुरावर ठेवलेली होती, तो पंख्यानं उडू नये म्हणून. तू कचेरीत यायचास, बाटलीकडं बघायचास, माझ्याकडं बघायचास आणि चहा मागवायचास. शेवटच्या वेळी आलास तेव्हा दारातून वळून म्हणालास, "ते बर्फाचं राहिलंच रे आपलं." मी म्हणालो, "बसून बोलू." तू म्हणालास, "बसू." आणि मग तूच आडवा झालास. हे बरं नाही केलंस. अर्धं वाक्य सोडून जाणं ही माझी सवय, तुझी नव्हे.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी कंपनीचा तो जनसंपर्काचा माणूस आला. गोड माणूस आहे, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटतं ते खरं होतं. हातात फाइल. म्हणाला, "सर, काकांच्या जाण्यानं आमच्या कंपनी परिवाराची फार मोठी हानी झालीय. आम्हाला पूर्ण पान द्यायचंय. तुमच्या लेखाच्या शेजारी."

मी फाइल उघडली. तू शिकवलंस तसं आधी जाहिरातच वाचली. तुझा फोटो, वडा नसलेला, त्यामुळं ओळखू येईना. वर लिहिलेलं: 'खाडीचा सच्चा मित्र हरपला'. खाली: 'त्यांच्या स्वप्नातील स्वच्छ खाडीसाठी आम्ही कटिबद्ध'. त्याखाली कंपनीचं चिन्ह, तुझ्या डोक्यापेक्षा मोठं. हरबा, तुला मेल्यावर नोकरी लागली रे! आयुष्यभर ज्या नळाखाली बाटली धरलीस, त्या नळाचा तू ब्रँड झालास!

तो म्हणाला, "आणि सर, एक छोटी रिक्वेस्ट. लेख पॉझिटिव्ह ठेवा. खाडीचं, पाण्याचं वगैरे आत्ता नको. शोकाच्या वेळी ते बरं दिसत नाही. काकांचा स्वभाव, विनोद, ते आवाज काढणं, असं छान येऊ दे."

बघ, धमकी नाही, दमबाजी नाही. लोक समजतात की संपादकाच्या दारात गुंड येतो आणि टेबलावर सुरा रोवतो. तसं कुणी आलं असतं तर मी सांगलीचा, त्याला सुऱ्यासकट खिडकीतून बाहेर पाठवलं असतं. पण इथं एक हळवा माणूस येतो, डोळे पुसतो आणि 'बरं दिसत नाही' म्हणतो. आणि खरंच, ते बरं दिसत नाही! मी जवळजवळ हो म्हणालो. नुसती मान हलवायची बाकी होती. मान अर्धी हललीही. मग तुझा आवाज ऐकला. भूतबीत नव्हे, माझ्याच आतून, पण वाणगावपर्यंत जाईल एवढा: यजमान कोण ते बघ, मग जेवण.

मी फाइल बंद करून त्याला परत दिली. म्हणालो, "पान नको. आणि उजवा कोपराही या अंकापासून नको."

"सर, भावनेच्या भरात निर्णय नका घेऊ."

"भावनेच्या भरात नाही. भरतीच्या," मी म्हणालो. त्याला कळलं नाही. तुला कळलं असतं, आणि तू म्हणाला असतास, ही कोटी बोईसरच्या हद्दीबाहेर चालायची नाय.

तो गेल्यावर मी बाटली उचलली, खालचा मजकूर केराच्या टोपलीत टाकला आणि तुझ्या चिठ्ठीवरची वेळ पाहिली. मग पुढच्या ओहोटीची वेळ काढली. स्वतः, बोटांवर, पाऊणपटीनं, आणि वर सहा तास. दोनदा चुकलो, रामसजीवनला फोन केला, तिसऱ्यांदा बरोबर आली. खाडीत उतरलो. तुझ्याएवढा नाही, घोट्यापर्यंत. पण नवी बाटली भरली आणि ती तपासायला दिलीय. या अंकाच्या तिसऱ्या पानावर बातमी आहे, कंपनीच्या नावासकट: नारळी पौर्णिमेचे नमुने पूर्ण भरतीला घेतले होते, आम्ही ते न तपासता छापलं, आमची चूक झाली. मथळा मोठा आहे. 'निर्मळ' जेवढ्या अक्षरात छापलं होतं त्याच अक्षरात. अहवाल येईल तो जसा असेल तसा छापीन, पाणी चांगलं निघालं तर तेही.

कंपनी आणि तिचे भाऊबंद आता जाहिराती बंद करतील. करू देत. साप्ताहिक बंद पडेल की आठ पानांचं चार पानी होईल, मला ठाऊक नाही. चार पानी झालं तर तुला वाचायला वेळ कमी लागला असता, एवढंच. मला भीती वाटत नाही. तुझ्यासारख्या माणसासमोर पंचवीस वर्षं दर आठवड्याला अंक ठेवून पाहिलाय, आता कंपनी माझं काय वाकडं करणार?

भीती फक्त एका दाराची होती. तुझ्या घराची.

कारण तिसऱ्या पानावर पुनवेची दुरुस्ती छापायची आणि बर्फ गिळून बसायचं, हे जमणार नव्हतं. मग मी पण तुझ्या पक्षाच्या सभेची बातमी वाचणारा हरबा झालो असतो. काल दुपारी तुझ्या घरी गेलो. सुमनवहिनी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि पुढ्यात 'भरतीरेषा'च्या अंकांचा गठ्ठा. तू जपलेला. मला वाटलं रद्दीवाला येणार असेल. वहिनींनी वरचे दोनतीन अंक माझ्यापुढं सरकवले.

पहिलं पान, उजवा कोपरा. कंपनीच्या रंगीत चौकोनावर निळ्या बॉलपेनानं तुझं अक्षर: सोमवार, भरती इतकी, ओहोटी इतकी. मंगळवार. बुधवार. पुढचा अंक, तेच. त्याच्या पुढचा, तेच. मी कोपरा काढून घेतल्यापासून एकही आठवडा चुकला नव्हता. नाक्यावर वाचायला आणायचास तो अंक कोरा असायचा. घरचा असा लिहिलेला. मला कधी दाखवला नाहीस. हजार गोष्टींवरून माझ्या अंगावर ओरडलास, आणि हे एक गुपचूप करत बसलास.

मी भाषण तयार करून गेलो होतो, ते वाया कसं घालवू? मी पाठीचा कणा ताठ केला आणि सुरू झालो. म्हणालो, वहिनी, कंपनीनं पूर्ण पान देऊ केलं, मी लाथाडलं. हरबाच्या नावाला त्यांचं चिन्ह लागू देणार नाही. माझा पेपर बुडाला तरी बेहत्तर. मी सत्याबद्दल बोललो, मैत्रीबद्दल बोललो, लोकशाहीबद्दल तर इतकं बोललो की दारातलं मांजर उठून गेलं. मग आवाज खाली आणला आणि म्हणालो, "आणि ते बर्फाचं. तुमच्या भावाचं. या अंकात देतोय. तेव्हा दाबलं होतं हेही लिहितोय, माझ्या नावानं. हरबाच्याही. तुम्ही नको म्हणालात तर..."

तिथं मी थांबलो. 'तर' च्या पुढं काय ते मी ठरवूनच गेलो नव्हतो.

वहिनींनी त्या निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे रोज सकाळी लिवायचे. मी इचारलं, कोण वाचणार हाय? तर म्हणायचे, मी वाचतोय ना. छापा, भाऊजी. भावाला मी सांगते."

मला रडू यायला लागलं, म्हणून मी घाईघाईनं आणखी मोठा झालो. म्हणालो, "वहिनी, लेखाच्या शेजारचं ते अख्खं पान आता रिकामं आहे. मी ते कोरं सोडणार. निषेध म्हणून! काळी चौकट आणि आत काही नाही. जिल्ह्यात असं कुणी केलं नसेल. लोक ते पान फ्रेम करून लावतील!"

वहिनींनी अंकांचा गठ्ठा नीट केला, कडा जुळवल्या.

"अख्ख्या महिन्याच्या भरतीच्या वेळा टाका," त्या म्हणाल्या. "पान पुरेल."